चार मिनिटांची वाट

मिल्टन कीन्स,
इंग्लंड,
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मोहनकाका,

देविकाचा नमस्कार, आणि दिवाळीचा आगाऊ नमस्कार वेगळा. आम्ही तिघंही बरे आहोत. तुमचे कान आता फोनला दाद देत नाहीत, आणि मी ओरडून बोलले की ते तुमच्याखेरीज मिहीरच्या सगळ्या घराला ऐकू जातं, म्हणून आपली ही पत्रं बरी. ईमेलने आलं तरी पत्र ते पत्रच, असं तुम्हीच म्हणता.

फराळाचं विचाराल तर चकल्यांनी यंदाही तोंडघशी पाडलं. पहिला घाणा तेलात विरघळला. दुसरा जमला, पण इतका कडक की गिरीश म्हणाला, हॉस्पिटलात डेंटिस्टकडे पेशंट कमी पडत असतील तर दोन डबे पाठवू या. त्याला पाडव्याला ड्यूटी आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरला सण नसतो हे आता मी मान्य केलं आहे. दिया सात वर्षांची झाली आणि तिचं मराठी अजून लंगडतंच. काल करंज्या तळताना मला बजावून गेली, “तो छोटा करंजी माझा आहे, बाबाचं नाही.” मी हसले, तर रुसून बसली.

तुमचा फोटो पोचला. मिहीरने गाडीने रस्त्यापलीकडे नेऊन काढलेला, बसस्टॉपच्या नव्या खांबावर हात ठेवून तुम्ही उभे आहात तो. अंगात कोट, पायात पॉलिश केलेले बूट. फोटो मी बराच वेळ पाहिला, मोठा करून पाहिला. तब्येत उतरल्यासारखी वाटली, की कोट मोठा आहे?

काचबिंदूमुळे तुमचं लायसन्स गेलं त्याला दोन वर्षं झाली. मिहीर आणि शिल्पावहिनी सकाळी आठला बाहेर पडतात, साडेसहाला येतात, आणि मधले साडेदहा तास तुम्ही मेपल ग्लेनच्या त्याच तीन गल्ल्यांतून फेऱ्या मारता, हे मला माहीत आहे. तुम्ही मागे लिहिलं होतं की या नॉर्थ कॅरोलायनात दर महिन्याला एक जंगल जातं आणि तिथे दोनशे घरं येतात, प्रत्येक घराला दोन मोटारी, आणि पायी चालणारा प्राणी म्हणून लोक गाडीची काच खाली करून तुमची विचारपूस करतात. ते वाचून मी तेव्हा खूप हसले होते. म्हणूनच आमच्या कंपनीला तुमच्याच काउंटीच्या नव्या बसचं काम मिळालं तेव्हा मला कोण आनंद झाला होता. कुठल्या वस्तीतून कुठल्या स्टॉपला चालत किती मिनिटं लागतात, हे नकाशावरून काढायचं काम माझं. तुमच्या फाटकासमोरचा स्टॉप माझ्याच हिशेबातून मिळाला हे मी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ते क्लबहाउसभर केलंत.

आता एक बारीकशी चौकशी. तुमच्या फाटकापाशी, उजव्या हाताला जमीन उतरते ना, तिथून रस्त्याखालून काही पलीकडे जातं का? केवढं आहे? माणूस चालू शकेल असं आहे का? मुद्दाम उठून जाऊ नका, मिहीरच्या गाडीतून जाताना नजर टाकलीत तरी पुरे. सहज विचारते आहे.

आणि ३ नोव्हेंबरला पहिल्याच बसला जायलाच हवं का? पहिल्या दिवशी सगळा गोंधळ असतो. ड्रायव्हरला रस्ता माहीत नसतो, फोटोवाले येतात. आठवडाभराने निवांत जा. तुम्ही स्वतःसकट अकरा जणांना गोळा केलंय, नारळ आणलाय, ड्रायव्हरला नारळ फोडण्याबद्दल कोण समजावणार यावर तुमच्यात वाद झालाय, हे सगळं कळलं. नारळ आठवडाभर टिकतो.

शिल्पावहिनीला सांगा, डबा पाठवते आहे. चकल्या दुधात बुडवून खाव्यात.

तुमची
देविका

•

मिल्टन कीन्स,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मोहनकाका,

नमस्कार. तुमचं उत्तर आणि सोबतचं रेखाटन मिळालं. पत्र उघडल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, त्यामुळे घरची खुशाली एका वाक्यात: सगळे ठीक.

मी गाडीतून नजर टाका म्हणाले होते. तुम्ही टेप घेऊन गेलात. चौतीस वर्षं नाशिकच्या नगररचना विभागात नकाशे काढलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो काय करील, हे मला कळायला हवं होतं. पाइप मोरी, व्यास चार फूट, तळाला वीतभर पाणी, फक्त पावसाच्या पाण्यासाठी. इतकं सगळं तुम्ही अलीकडे उभं राहून लिहिलं असेल असं मी स्वतःला समजावत होते. पण पुढे लिहिलंय, “पलीकडच्या तोंडाला लोखंडी जाळी, गज बारा, दोन वाकलेले.” गज मोजलेत म्हणजे तुम्ही पलीकडे गेला होतात. चालत. तो सहा पदरी रस्ता ओलांडून.

वर मला धीर दिलाय, की मध्ये गवताचा दुभाजक आहे, दोन टप्प्यांत आरामात जमतं, आता स्टॉपला जायची हीच पद्धत ठरवून टाकतो. काका, तिथे ताशी पंचेचाळीस मैलांची पाटी आहे आणि गाड्या साठने जातात. डाव्या बाजूचं तुम्हाला जवळ येईपर्यंत दिसत नाही. मागे दाराच्या चौकटीला खांदा आपटला होतात, तोही डावाच.

कृपा करून पुन्हा ओलांडू नका. आमची घड्याळं आज एक तास मागे गेली, साडेचारलाच अंधारून आलं. तुमची पुढच्या रविवारी जातील. म्हणजे सोमवारी परतीची बस तुम्हाला पावणेसहाला सोडेल तेव्हा काळोख असेल, आणि त्या रस्त्याला तुमच्या बाजूला दिवे नाहीत. हा एवढा मुद्दा तरी तुमच्यासारख्या माणसाला पटायला हवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे मी पुतणी म्हणून विचारते आहे की ऑफिसतर्फे. पुतणी म्हणून. तुमची काळजी वाटते म्हणून. दुसरं काही नाही.

जरा घाईत आहे, दियाला पोहण्याच्या क्लासला सोडायचं आहे. उत्तर लगेच द्या, दोन ओळींचं चालेल. फक्त “ओलांडणार नाही” एवढं लिहा.

देविका

•

मिल्टन कीन्स,
गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५
सकाळी, ऑफिसच्या कार पार्कमधून

ती. स्व. मोहनकाका,

नमस्कार करायलाही आज लाज वाटते आहे, तरी करते.

दोन ओळी मागितल्या होत्या, तुम्ही चार पानं पाठवलीत. अकरा जणांची यादी, ओलांडण्याचा क्रम, पहिल्या टप्प्यात कोण, दुभाजकावर कोणी कुणाचा हात धरायचा. मिसेस डॉसन वॉकर घेऊन चालतात, म्हणून त्यांना मधोमध ठेवलंय. तुम्ही पुढे, हातात लाल रुमाल. आणि शनिवारी दुपारी तीन वाजता सगळ्यांची रंगीत तालीम. “पुतणीने स्टॉप आणला, आता तिथवर पोचवण्याची जबाबदारी काकाची,” हे वाक्य वाचून मी लॅपटॉप मिटला आणि उठून उगाचच भांडी विसळत बसले.

रविवारी मी तुमच्याशी खोटं बोलले. ऑफिसचाच प्रश्न होता. आता नीट सांगते, क्रमाने सांगते. पूर्ण वाचल्याशिवाय रागावू नका, वाचून झालं की खुशाल रागवा.

मार्चमध्ये मेपल ग्लेनचा नकाशा माझ्यासमोर होता. काउंटीचा नियम असा, की पाच मिनिटांच्या चालीत दोनशे घरं असतील तरच स्टॉप द्यायचा. बसला वळायला पलीकडच्या बाजूलाच जागा होती. तुमच्याकडून तिथे जायचं तर सिग्नल सव्वा मैलावर आहे. तिथे जाऊन रस्ता ओलांडून परत यायचं, म्हणजे तरण्या माणसालाही पन्नास मिनिटं, आणि त्यातला बराच रस्ता फूटपाथशिवाय. पण नकाशात तुमच्या फाटकापाशी रस्त्याखालून जाणारी एक तुटक रेघ होती आणि तिच्यावर बोगद्याची खूण होती. मी ती माणसांची वाट धरली. सॉफ्टवेअरने हिशेब केला: चार मिनिटं. तेवढ्यावर मेपल ग्लेनला स्टॉप मिळाला.

ती मोरी होती. तुम्ही टेप लावून मोजलीत तीच.

तुम्ही म्हणाल, मोरी आणि बोगदा यांतला फरक न कळणारी पोरगी नकाशे कसले काढते? खरं आहे. पण मिल्टन कीन्समध्ये वाढलं नाही तरी अकरा वर्षं राहिलं की माणसाची नजर बिघडते. इथे हे गाव आखतानाच पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी लाल डांबराच्या वाटा केल्या आणि त्या मोठ्या रस्त्यांखालून नेल्या. मी रोज अशा तीन बोगद्यांतून सायकलने ऑफिसला जाते. रस्ता आला की त्याच्या पोटातून वाट असणार, हे माझ्या डोक्यात इतकं मुरलंय की ती रेघ दिसली तेव्हा मला प्रश्नच पडला नाही.

असं मी हेलनला सांगितलं. हेलन म्हणजे माझी बॉस. गिरीशलाही असंच सांगितलं. पण ते पूर्ण खरं नाही, आणि तुम्हाला मी आता अर्धं सांगणार नाही.

प्रश्न पडला होता. रेघ निळसर होती. आमच्याकडे निळं म्हणजे पाणी. रस्त्यावरचे फोटो बघण्याची सोय असते, दोन वेळा क्लिक केलं की जागेवर उभं राहिल्यासारखं सगळं दिसतं. बोट माउसवर होतं. मी ते फोटो उघडले नाहीत. उघडले असते तर वाट गेली असती, वाट गेली असती तर चार मिनिटं गेली असती, आणि मग तुमच्या वस्तीला स्टॉप मिळाला नसता. त्याच आठवड्यात तुमचं ते पत्र आलं होतं, लायब्ररीत पाय ठेवल्याला चौदा महिने झाले म्हणून. इतर प्रत्येक वस्तीचे फोटो मी पाहिले होते काका. फक्त तुमच्या वस्तीचे पाहिले नाहीत. आणि माझे काका तिथे राहतात, हे ऑफिसात सांगायला हवं होतं, तेही मी सांगितलं नाही.

मग दिवाळीच्या आधी तुमचा तो फोटो आला. तुमच्या डाव्या खांद्यामागे गटाराच्या पाइपाचं तोंड आणि त्याला जाळी. मी मोठा करून पाहत होते ते तुमचा कोट नव्हे. तरीही मनाला खुळी आशा, की खरा बोगदा आणखी कुठेतरी असेल आणि तुम्ही तसं कळवाल. तेवढ्यासाठी मी सहज म्हणून प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नापायी तुम्ही एकटे तो रस्ता दोनदा ओलांडलात. काही झालं असतं तर? गेले चार दिवस मी हेच घोकते आहे. फोन वाजला की मिहीरचंच नाव दिसेल असं वाटतं. काल एका मीटिंगमध्ये कुणीतरी माझं नाव घेतलं आणि मी दचकून पेन टाकला.

सोमवारी हेलनला सगळं नाही, पण मोरीचं सांगितलं. ती वाईट बाई नाही. तिचाही चेहरा उतरला. तिने त्रुटींच्या यादीत नोंद केली आणि म्हणाली की काउंटीसोबतच्या आढावा बैठकीत घेऊ, तोवर तिथल्या कुठल्याही रहिवाशाशी संपर्क करायचा नाही, ते कंपनीच्या करारात बसत नाही. बैठक १८ नोव्हेंबरला आहे. बस ३ तारखेला सुरू होते. मी म्हटलं, मधले पंधरा दिवस? ती म्हणाली की स्टॉपवर सूचना लावायची शिफारस करू. मी काउंटीच्या माणसाला स्वतः ईमेल केला, तर तो मंगळवारपर्यंत सुट्टीवर असल्याचं आपोआप उत्तर आलं. त्यांच्या ऑफिसला फोन केला, तर कन्सल्टंटनी मॅनेजरमार्फत यावं असं सांगितलं. हेलनला पुन्हा गाठलं. तिने तेच सांगितलं, फक्त आवाज आणखी हळू केला.

काल गिरीश ड्यूटीवरून आला, बूटही काढले नव्हते, तेव्हा मी त्याला मोरीचं आणि हेलनचं ऐकवलं. तो तिथेच दारात उभा राहिला. म्हणाला, “ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटची राँग साइड मार्क झालीय असं दिसलं तर आम्ही नेक्स्ट मीटिंगची वाट बघत नाही, देविका. तू काकांना सांगितलंस का?”

नाही म्हणाले. नोकरी जाईल म्हणाले. ते खरंच आहे, बहुधा जाईलही. पण नोकरीची भीती मी पुढे करत होते आणि तिच्या मागे दुसरीच लपवत होते. मला तुमची भीती वाटत होती. तुम्ही सगळ्यांना सांगितलंय की देविकाने स्टॉप आणला. या बससाठी साठ सह्या तुम्ही दारोदार फिरून गोळा केल्यात, सुनावणीत कोट घालून तीन मिनिटं इंग्रजीत बोललात, आणि मिहीर म्हणतो की सुमनकाकू गेल्यानंतर इतके खूश तुम्ही पहिल्यांदाच दिसलात. त्या माणसाला मी कसं सांगू की तो स्टॉप मुळात तुमचा नव्हताच?

मिहीरला फोन करून तुम्हाला अडवायला सांगता आलं असतं. कालच बोलणार होते. पण तुम्ही थांबलात तरी बाकीचे दहा जण थांबणार नाहीत. त्यांना दोन टप्प्यांची पद्धत तुम्हीच शिकवली आहे. मिसेस डॉसन तुमच्याशिवायही निघतील.

म्हणून आता तुमच्याकडे मागते ते अवघड आहे. काउंटीच्या नियमावलीत एक कलम आहे, मी ते तीनदा वाचलं: सेवा सुरू होण्याआधी रहिवाशाने धोक्याची लेखी तक्रार दिली, तर जागेची पाहणी होईपर्यंत तो स्टॉप बंद ठेवावाच लागतो. आमची नोंद बैठकीची वाट बघते, तुमची तक्रार बघत नाही. रहिवासीच ती देऊ शकतो, मी नाही. सोबत इंग्रजीत एक पान जोडलं आहे. चूक काय, कशी झाली, कुणाकडून झाली, फोटो पाहण्याचं मी टाळलं हेही, सगळं त्यात आहे, आणि खाली माझं पूर्ण नाव आणि सही आहे. त्याला तुमचं मोरीचं रेखाटन जोडा, मापांसकट. त्याहून चांगला पुरावा कुणाकडे नाही. मिहीर शुक्रवारी घरून काम करतो. त्याला घेऊन उद्या पाचच्या आत काउंटीच्या ऑफिसात जा आणि ते हातात देऊन पोच घ्या. शनिवारची तालीम त्याआधीच रद्द करा, एकेकाच्या दारी जाऊन. फोनवर कुणी ऐकणार नाही.

मग स्टॉप जाईल. पाहणी होईल, चार मिनिटांची पन्नास मिनिटं होतील, आणि मेपल ग्लेन यादीतून निघेल. सिग्नल बसवून देतील, बस तुमच्या बाजूने फिरवतील, असं काही मी सांगणार नाही. तसं होऊ शकतं, पण वर्षं लागतात, आणि खोटी आशा दाखवून मी एकदा तुमचा घात केलेला आहे. साठ सह्या मिळवणाऱ्या हातानेच ही तक्रार द्यायची आहे. क्लबहाउसमध्ये लोक विचारतील तेव्हा माझं नाव सांगा. ज्या आवाजात आधी सांगितलंत त्याच आवाजात सांगा.

मी आता वर जाऊन हेलनला हे पान दाखवणार आहे आणि तुम्हाला पाठवलं आहे हे सांगणार आहे. तुम्ही माझे कोण हेही. आधी तुम्हाला पाठवते, मग वर जाते, नाहीतर जिन्यातच माझा विचार बदलेल.

माफी आज मागत नाही. सोमवार सरू दे, अकराच्या अकरा जण घरी आहेत असं मिहीरकडून कळू दे, मग मागेन. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, पत्रं थांबवलीत, तरी मी समजून घेईन. माझ्यावर रागावून घरात बसा. घरात बसून केलेला राग मला कितीही दिवस चालेल.

काका, रस्त्याच्या अलीकडेच राहा.

तुमची
देविका